उरलं किती

आजी गोंडा घेताना वरून कधी बघायची नाही. गोणीचं तोंड सोडायला लावायची आणि कोपरापर्यंत हात आत घालायची. वरची फुलं सगळ्यांचीच टवटवीत असतात. आत, मधोमध, जिथं रात्रभर टेम्पोत फुलावर फूल दाबलं गेलेलं असतं, तिथं ऊब धरलीय का ते तिला बघायचं असायचं. ऊब लागली की हात बाहेर काढून पदराला पुसायची आणि पुढच्या गाळ्याकडं चालू लागायची. मागून व्यापारी हाका मारायचा, भाव उतरवत राहायचा. ती वळूनही न बघता म्हणायची, "फुकाट दिलंस तरी नगं. दुपारपातूर काळं पडंल."

मी बारा वर्षांची असल्यापासून शनिवार-मंगळवार तिच्याबरोबर कल्याणच्या फुलबाजारात जायचे. टिटवाळ्याहून पहाटेची लोकल, मग आंबिवली, शहाड, की कल्याण. येताना मालडब्यात गोणी, पाटी आणि मी. जुन्नर-ओतूरकडचा माल माळशेज उतरून रात्रीच आलेला असायचा. बाजारात उजाडायच्या आत सगळे ओरडत असतात, तिथं आजी एकटी हळू बोलायची. भाव विचारायच्या आधी ती व्यापाऱ्याला एकच प्रश्न विचारायची, "काल उरलं किती?" खरं सांगणारे दोघं-तिघं होते. ती त्यांच्याकडूनच घ्यायची.

महागणपतीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं हाराचं दुकान. दुकान म्हणजे आधी नुसतं गोणपाट आणि एक पाटी, मग टपरी, आणि शेवटची काही वर्षं पत्र्याचा गाळा. हार, दूर्वा, जास्वंद, नारळ, पेढे, अगरबत्ती. चपला ठेवायला फळी. चपला ठेवायचे पैसे नाहीत, पण चपला ठेवणारा माणूस दहातल्या आठ वेळा हार घेतोच, हे रस्त्यावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे. आजीचा नियम एवढाच, की नवराबायकोच्या चपला शेजारी शेजारी ठेवायच्या. "देवाला काय मागाय आल्यात ते बग, आन् तू चपला तोडून ठेव."

टिटवाळ्याला लोक काय मागायला येतात हे इथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. कण्व मुनींचा आश्रम इथं होता, दुष्यंताला ओळख पटेना तेव्हा शकुंतलेनं मुनींच्या सांगण्यावरून हा गणपती बसवला आणि तिचा संसार पुन्हा उभा राहिला, अशी कथा. त्यामुळं लग्न जुळत नाही ते येतात, जुळलेलं फाटतंय ते येतात. पुढं मूर्ती तळ्यात गाडली गेली, पेशवाईत दुष्काळ पडला म्हणून गाळ उपसायला घेतला तेव्हा ती सापडली, आणि माधवराव पेशव्यांच्या काळात देऊळ उभं राहिलं, असं सांगतात. आजी हे सगळं गिऱ्हाइकांना हार बांधता बांधता सांगायची, श्रद्धेनं सांगायची, पण एका जागी तिची जीभ घसरायचीच. "अंगठी माशानं गिळली म्हनून नवऱ्याला बायकू वळखंना. असला कसला राजा? माझी चाळीस मेंबरं हुती, एकाचीबी अंगठी बघितली न्हाय मी."

मेंबरं म्हणजे खाणावळीची.

आजी पाटण तालुक्यातली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, त्यात त्यांच्या घराच्या दोन भिंती बसल्या. आजोबा आधीपासून मुंबईत गिरणीत होते, साचेखात्यात. भिंती उभ्या करायला पैसे नव्हते म्हणून आजी लालबागला आली आणि परत गेली नाही. दहा बाय बाराची खोली. त्यात गावाकडचे दोन पुतणे जेवायला, मग त्यांचे मित्र, मग मित्रांच्या पाळीतले. अशा खाणावळी त्या काळात गिरणगावात चाळीचाळीतून होत्या. बायका आणि पोरं गावी, पुरुष मुंबईत, आणि त्यांच्या पोटाची जबाबदारी या बायकांवर. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या खाणावळवाल्यांना एकत्र केलं आणि सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेच्या दारात उभं केलं. आजीनं आयुष्यातली पहिली सही तेव्हा केली. ती सही शेवटपर्यंत तशीच राहिली, चार अक्षरं, एकमेकांना न शिवता उभी.

मला तिच्या खाणावळीतलं जास्त आठवायचं कारण नाही, मी तेव्हा नव्हतेच. पण ती एक गोष्ट इतक्या वेळा सांगायची, की मला ती पाहिल्यासारखी वाटते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की भाकरीचा तवा चढवायचा, भोंगा ते दार एवढ्या वेळात किती भाकरी होतात ते तिला हातानं कळायचं. पगाराच्या दिवशी निम्मे मेंबर बाहेर जेवतात, तेव्हा पीठ कमी. पगाराच्या आधीचे आठ दिवस कोणी खाडा करत नाही, तेव्हा पीठ जास्त. पावसाच्या तोंडावर, पेरणीला, दहाबारा जण गावी पळतात. होळीला कोकणातले पळतात, घाटावरचे राहतात. अमुक एकाचं गावाकडून पत्र आलं की तो दोन दिवस जेवत नाही, चांगलं असो की वाईट. "भाकरी उरली म्हंजी माझं पैसं ग्येलं. भाकरी सरली म्हंजी मानूस ग्येलं. दोन्ही बगायचं."

आज मी भिवंडीजवळच्या एका गोदामात काम करते. कुठला माल किती लागेल याचा आगाऊ अंदाज बांधणं हे माझं काम. माझ्याकडं तीन वर्षांचे आकडे असतात, सणांचं कॅलेंडर असतं, हवामानाचा अंदाज असतो, आणि तरी दर महिन्याला मी कुठंतरी सडकून चुकते. पगाराच्या दिवशी पीठ कमी लावायचं, हे वाक्य मी एकदा मीटिंगमध्ये बोलले होते. कोणाला काही कळलं नाही. पण त्या महिन्यात आमचा माल कमी उरला, हेही खरं.

आजीचा अंदाज आयुष्यात एकदाच फसला, पण असा फसला की त्यात घरातली भांडी गेली. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. आजीला वाटलं, महिनाभरात मिटेल. आधीही संप झाले होते आणि मिटले होते. तिनं चाळीस माणसांचा तांदूळ भरला. पहिल्या महिन्याचे पैसे उधारीवर गेले. दुसऱ्या महिन्यात तिनं कालवण पातळ केलं. तिसऱ्यात सुकट बंद झाली. मेंबर येऊन नुसते बसायचे, भाकरी निम्मी मोडून निम्मी परत ठेवायचे, आणि आजीला त्याचा राग यायचा. "ताटातली भाकरी परत ठिवनारा मानूस म्या त्या साली बगितला." पावसाळा येता येता बरेच जण गावी गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागं घेतला गेलाच नाही, त्यामुळं आजीच्या हिशेबातही त्याला शेवट नव्हता. ती तारखा सांगताना नेहमी "संपात" असं म्हणायची. बाबांचं शाळेतनं नाव निघालं ते संपात, धाकटी आत्या आजारी पडली ती संपात, तांब्याचा हंडा गेला तो संपात.

लालबागची खोली सोडून आजी-आजोबा टिटवाळ्याला आले, कारण इथं चुलत दिराची ओळख होती आणि भाडं परवडत होतं. स्टेशनाच्या बाहेर टांगे उभे असायचे, देऊळ दीडेक किलोमीटर, आणि बाकी सगळी भातशेती. कल्याणहून कसाऱ्याकडं जाणाऱ्या गाडीत टिटवाळ्यानंतर डबा रिकामा व्हायचा. आजोबांना काम असं पुन्हा मिळालं नाही. आजी पहिल्या मंगळवारी देवळाकडं गेली, एका कडेला उभी राहिली आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसं मोजली. दुसऱ्या मंगळवारी पुन्हा मोजली. तिसऱ्या मंगळवारी गोंड्याची पाटी घेऊन बसली.

भाकरी रात्री उरली तर सकाळी कुस्करून फोडणीला टाकता येते. जास्वंदीला संध्याकाळ नसते. सकाळी कळी उमलली की मावळतीला ती मिटून पडते. गोंडा दोन-तीन दिवस निघतो, शेवंती निघते, पण गणपतीला लाल जास्वंद लागतं आणि जास्वंद एका दिवसाचं. तेव्हा या धंद्यात कमाई विकलेल्यावर होत नाही, न उरलेल्यावर होते. हे मला कळायला दहाएक वर्षं लागली. आजी ते पाटण-लालबागहून बरोबर घेऊनच आली होती.

भिंतीवर कालनिर्णय. तिला वाचता अडखळत यायचं, पण कालनिर्णयाचं पान ती वर्तमानपत्रासारखं वाचायची. चंद्रोदयाच्या वेळेखाली बोटानं रेघ. लग्नाचे मुहूर्त दाट असतील त्या आठवड्याला एक टिंब, कारण तेव्हा बाजारात फुलाचा भाव चढतो आणि गिऱ्हाईक मात्र तेवढंच राहतं. पितृपंधरवड्याला उभी रेघ, म्हणजे माल निम्मा. मार्गशीर्षातल्या गुरुवारी वेण्या जास्त. आणि अंगारकीला तिनं काढलेली एक आकृती, जी मला लहानपणी माणूस वाटायची. ती भाकरीचा तवा होता.

संकष्टी मंगळवारी आली की अंगारकी. वर्षातून एखाददुसरी, क्वचित जास्त. आदल्या मध्यरात्रीपासून रांग लागते. नवा धंदेवाईक माणूस अंगारकीला वाट्टेल तेवढा माल भरतो आणि रात्री डोक्याला हात लावतो. आजीचं गणित वेगळं होतं. उपासाची माणसं चंद्रोदय होईपर्यंत थांबतात, तोवर हार घेतात. चंद्र वर आला, की सगळ्यांना एकदम घर आणि जेवण आठवतं. म्हणून चंद्रोदयाच्या तासभर आधी ती सुई खाली ठेवायची. कितीही गर्दी असो. "आता जे बांदलंय तेवडंच. नवीन दोरा वढायचा न्हाय." मग जे पाच-सात हार उरतील ते टांगेवाल्यांना. घोड्यांच्या गळ्यात. लहानपणी मला ते दृश्य देवळातल्या आरतीपेक्षा आवडायचं, रात्रीच्या दिव्यात गोंड्याचे हार घातलेली घोडी स्टेशनकडं दुडक्या चालीनं निघालेली. टांगे गेले, रिक्षा आल्या. मग हार रिक्षांना.

दूर्वा घेऊन जवळच्या पाड्यावरची एक बाई यायची. मी तिला मावशी म्हणते. ती माळावरून, बांधावरून दूर्वा खुडून एकवीस-एकवीस काड्यांच्या जुड्या बांधून आणते, केळीच्या सोपटानं. आजी फुलाच्या व्यापाऱ्यांशी एका रुपयासाठी भांडायची, पण मावशीचे पैसे पाटी खाली उतरायच्या आत हातात. उधारी नाही, घासाघीस नाही. एकदा, मी चौदा-पंधराची असेन, मावशीसमोरच एक जुडी सोडून मोजायला बसले. एकोणीस, वीस, एकवीस. बरोबर होत्या. आजी काही बोलली नाही. मावशी गेल्यावर म्हणाली, "ती एकवीस मोजून आणती. तू फिरून मोजल्यास. आता तिला वाटंल, आपली एक काडी कमी भरली असती तर बरं झालं असतं, निदान मोजल्याचं सार्थक झालं असतं." मला तेव्हा हे तिरकं वाटलं. अजूनही थोडं वाटतं. पण मी परत मोजल्या नाहीत.

खाणावळीची उधारीची वही आजीनं टिटवाळ्याला आणली होती. निळ्या कापडी पुठ्ठ्याची, बाबांनी शाळकरी अक्षरात लिहून दिलेली. २६ जुलै २००५ च्या पावसात काळू नदीचं पाणी आमच्या वस्तीत शिरलं, आणि कपाटाच्या खालच्या खणातलं जे जे गेलं त्यात ती वही. आजीनं गादीसाठी जेवढी हळहळ केली तेवढीही वहीसाठी केली नाही.

त्यानंतर सहाएक वर्षांनी, गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीसाठी लोक जुने कागद गोळा करत फिरत होते तेव्हा, एका संकष्टीला एक म्हातारा गृहस्थ दुकानापुढं उभा राहिला. पांढरी टोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत हजेरीकार्डाची झेरॉक्स. मुलाकडं कल्याणला राहतो म्हणाला. हार मागेना, चपलाही काढेना. आजी हार बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "दुसऱ्या पाळीचा. कांदा खात न्हवतास."

तो तिथंच पायरीवर बसला.

त्याला खाणावळीचा कागद हवा होता, तो गिरणीत होता याला आणखी एक आधार म्हणून. तो कागद चालला असता की नाही कोण जाणे. आजीनं सांगितलं, वही काळूत गेली. मग बराच वेळ दोघं गावाकडचं बोलत बसले, कोण गेलं, कोण आहे, कुणाच्या पोरानं काय केलं. उठताना तो म्हणाला, "वैनी, माझी उधारी हुती. किती ती तुमी सांगा." मला वाटलं, आता आजी म्हणणार, जाऊ दे भाऊ, काय ते पैसे. सिनेमात तसंच असतं. आजी म्हणाली, "दोनशे चौऱ्याऐंशी." त्यानं तीनशे दिले. तिनं सोळा रुपये परत केले, मोजून, आणि म्हणाली, "आता देवाला जा. हार तीस रुपयं." त्यानं हार घेतला. तीस रुपये दिले. माणूस गेल्यावर मी तिच्यावर चिडले. ती शांतपणे सुईत दोरा ओवत होती. "अठ्ठावीस-एकोनतीस वरीस त्यो मान खाली घालून चालत आसंल. फुकाट सोडलं आसतं तर तशीच ऱ्हायली आसती." दोनशे चौऱ्याऐंशी हा आकडा खरा होता की तिनं तिथल्या तिथं केला, हे मी तिला कधी विचारलं नाही. बाबा म्हणतात खरा असणार. मला खात्री नाही. आकडा गोल नव्हता, एवढंच मला दिसलं. गोल आकड्यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

मार्च २०२० मध्ये देऊळ बंद झालं. ऐंशीच्या घरातली आजी दुकानाची फळी लावून घरात बसली आणि पहिल्या आठवड्यातच म्हणाली, "हे संपासारखं हाय. म्हयन्यात मिटनार न्हाय." तिनं घरातलं पीठ, तांदूळ, तेल सगळं एकदा मापून घेतलं आणि आम्हाला वेळापत्रक लावून दिलं. आम्ही हसलो. पाडव्याला, १६ नोव्हेंबर २०२० ला देवळं उघडली तेव्हा शेजारच्या दुकानदारांनी गोणीच्या गोणी माल आणला. आजीनं एक पाटी आणली. नियमच असे होते की मूर्तीला हात लावायचा नाही, प्रसाद वाटायचा नाही, मग हार घेऊन माणूस करणार काय? देव उघडला होता, हारांचा धंदा उघडला नव्हता. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेला पुन्हा सुरू. २३ नोव्हेंबरला अंगारकी आली.  "लोकं येत्याल, पन हात आखडून येत्याल," म्हणून आजीनं नेहमीच्या निम्म्याहून थोडा जास्त माल सांगितला. रात्री चार हार उरले.

२०२२ च्या जूनमध्ये, पाऊस यायच्या आत, ती गेली. दोन दिवस ताप होता.

१३ सप्टेंबरला अंगारकी होती, आणि ती पितृपंधरवड्यात. भाद्रपदातली संकष्टी नेहमीच पितृपंधरवड्यात येते, ती मंगळवारी पडली की कालनिर्णयावर उभी रेघ आणि तवा एकाच चौकोनात. त्या वर्षी तो चौकोन कोरा होता. मी गोदामातून दोन दिवस रजा घेतली. आजीला वर्ष झालं नव्हतं, त्यामुळं पक्षात तिच्या नावाचं पान वाढायचं नव्हतं, दुकान चालवायला हरकत नव्हती. मी आदल्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन बसले. मागच्या अंगारक्यांचे आकडे तिच्याकडं नव्हते, माझ्या आठवणीतले घेतले. दोन वर्षांनी मोकळी गर्दी होणार, म्हणून वाढवले. पितृपक्ष, म्हणून घटवले. पाऊस, म्हणून आणखी घटवले. आलेला आकडा गोल होता.

कल्याणला गोणीत हात घातला, आत ऊब होती की नव्हती ते मला नीट कळेना. माझ्याच हाताची वाटली. घेतली.

गर्दी झाली, भरपूर झाली. मध्यरात्रीपासून हात थांबला नाही. संध्याकाळी पाऊस आला आणि गेला. लोक ढगांत चंद्र शोधत उभे होते, मी मान खाली घालून हार बांधत होते, आणि मान वर केली तेव्हा रस्ता निम्मा रिकामा झाला होता. चंद्र कधीच वर आला होता. तेव्हाही माझ्या सुईत दोरा होता.

चौदा हार उरले, आणि जास्वंदीची अख्खी पाटी. रिक्षावाले सवयीनं आले. पहिल्यानं एक उचलला, दुसऱ्यानं एक. मग आणखी हाका मारून बोलावले. "आज लई उरलं," एक जण म्हणाला आणि आरशाला दोन-दोन हार अडकवून गेला. जास्वंद कोणी नेलं नाही. ते नेण्यासारखं राहिलंच नव्हतं.

सकाळी मावशी आली. बुधवार, रस्ता ओला, सगळीकडं तुडवलेल्या पाकळ्या. तिनं पाटी उतरवली, मी पैसे दिले. तिनं दुकानात एक नजर फिरवली, जास्वंदीच्या पाटीवर ती थांबली.

"उद्या किती आणू?"

"चाळीस," मी म्हणाले.

"पंचवीस आणते," ती म्हणाली, आणि रिकामी पाटी डोक्यावर घेऊन चालू लागली.